गॅरेजचं टपाल : खूण जुळली म्हणजे कॅमशाफ्ट जुळला का?

प्रश्न : माझ्याकडे अ‍ॅम्बेसेडर मार्क २ आहे, पेट्रोल, १४८९ सीसी. टॅपेटचा आवाज गॅप लावूनही जात नव्हता. साइड कव्हर उघडून टॅपेट (लोबवर टेकून व्हॉल्व्हकडे हालचाल पोचवणारे तुकडे) काढले तेव्हा कॅमशाफ्टचे दोन लोब (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) नाकाशी, म्हणजे टोकाशी, चपटे झालेले दिसले. दुकानात 'अ‍ॅम्बी १.५' म्हणून बिनडब्याचा एक कॅमशाफ्ट मिळतोय. बर्मिंगहॅमला असलेला भाचा म्हणतो, "मामा, एमजीबीचा आणतो, इंजिन एकाच घराण्यातलं." मिस्त्री म्हणतात, चेनच्या खुणा जुळल्या की काम झालं. यातला कोणता घ्यावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाचा म्हणतो ते खरं आहे. मोरिस ऑक्सफर्डवरून आलेल्या तुमच्या गाडीतलं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचं. त्याच घराण्यात १४८९ सीसीची एमजीए आणि १७९८ सीसीची एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या येतात. मिस्त्रींचं म्हणणं मात्र अर्धंच खरं आहे. गिअरवरची खूण शाफ्ट कुठे बसला एवढं सांगते. कोणता शाफ्ट बसला, हे ती सांगत नाही.

आधी दुकानातल्या शाफ्टबद्दल. '१.५' या आकड्यावर जाऊ नका. बीएमसीचं डिझेल इंजिनही १४८९ सीसीचंच होतं. बोअर ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, दोन्ही पेट्रोलसारखेच. ते डिझेल इंजिन अ‍ॅम्बेसेडरमध्ये आलं आणि पुढे कितीतरी पेट्रोल गाड्यांतही चढवलं गेलं. त्यामुळे जुन्या मालाच्या ढिगात दोन्हींचे भाग एकत्र पडलेले असतात. डिझेलला डिस्ट्रिब्यूटर नसतो. म्हणून शाफ्ट हातात घेतल्यावर पहिली नजर डिस्ट्रिब्यूटर आणि ऑइल पंप चालवणाऱ्या तिरक्या दात्यांवर जाऊ द्या. जुना शाफ्ट शेजारी ठेवा. दात्यांची जागा, संख्या (एका दात्यावर खडूची खूण करून मोजा) आणि तिरकेपणाची दिशा, तिन्ही जुळले पाहिजेत. दात्यांना धार आली असेल किंवा एका बाजूने पायरी पडली असेल, तर लोब कितीही चकचकीत असोत, तो शाफ्ट तिथेच ठेवून या.

जुना शाफ्ट इंजिनातच असेल तर तो काढूनच बाजारात जा. फोनमधल्या फोटोवर कॅमशाफ्ट घेता येत नाही. काढताना रेडिएटर, टायमिंग कव्हर, चेन आणि दोन्ही गिअर निघतील. टॅपेट बाहेर हवेत, मेकॅनिकल पेट्रोल पंप सुटा हवा, डिस्ट्रिब्यूटर आणि त्याचा ड्राइव्ह स्पिंडल बाहेर हवा. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून ऑइल पंप आणि त्याची दांडीही काढायची. हा स्पिंडल बोटांनी निघत नाही. त्याच्या डोक्यात आटे असतात. तीन-साडेतीन इंच लांबीचा ५/१६ इंच यूएनएफ (बारीक आट्यांचा) बोल्ट त्यात फिरवून वर ओढायचा. ओढण्याआधी वरच्या खाचेची दिशा कागदावर काढून ठेवा. खाच मधोमध नसते, एक बाजू जाड आणि एक बारीक असते. पुन्हा बसवताना एक दाता इकडेतिकडे झाला तर इग्निशन लागणार नाही, आणि दोष मात्र नव्या कॅमशाफ्टला मिळेल.

आता मापं. सोबत २५ ते ५० मिलिमीटरचा मायक्रोमीटर आणि एक बरा व्हर्निअर न्या. बी-सिरीजच्या कॅमशाफ्टला तीन जर्नल (बुशांत फिरणारे गोल भाग) असतात आणि तिन्ही वेगळ्या मापांचे:

पुढचा : १.७८८७५ ते १.७८९२५ इंच (सुमारे ४५.४४ मिलिमीटर)
मधला : १.७२८७५ ते १.७२९२५ इंच (सुमारे ४३.९२ मिलिमीटर)
मागचा : १.६२२७५ ते १.६२३२५ इंच (सुमारे ४१.२२ मिलिमीटर)

शाफ्ट पुढून आत सरकतो, म्हणून मागे जाताना जर्नल लहान होत जातात. प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी आणि दोन दिशांनी मोजा. बुश आणि जर्नल यांत एक ते दोन थाउ, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर एवढीच फट हवी. जर्नल घासून लहान केलेला शाफ्ट जुन्या बुशांत बसवला तर गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर आयडलिंगला पडतं. मग लोक ऑइल पंप बदलत बसतात. नवे बुश टाकायचे असतील तर बुशाचं तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळलं पाहिजे आणि तिन्ही बुश एका रेषेत रीम झाले पाहिजेत. हे काम लाइन-रीमर असलेल्या मशीनशॉपचंच आहे. हातरीमरने एकेक बुश कापला की शाफ्ट फिरताना अडकतो.

मग लोब. प्रत्येक लोबची दोन मापं घ्या. नाकापासून टाचेपर्यंतची (नाकासमोरच्या गोल बाजूपर्यंतची) उंची आणि त्याला काटकोनात असलेली रुंदी. उंचीतून रुंदी वजा केली की लोबची लिफ्ट मिळते. तुमच्या जुन्या शाफ्टवरचे दोन लोब गेलेत, पण सहा शाबूत आहेत. तेच तुमचं मूळ माप. पुढून मागे लोबचा क्रम एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट असा आहे. इनलेटची तुलना इनलेटशी आणि एक्झॉस्टची एक्झॉस्टशी करा. एमजीबीच्या लोबची लिफ्ट पाव इंच, ६.३५ मिलिमीटर असते. सलूनच्या शाफ्टची त्याहून कमी. दुकानातल्या शाफ्टचे आठही लोब जर ६.३५ च्या आसपास निघाले तर तो अ‍ॅम्बेसेडरचा नाही, दुकानदार काहीही म्हणो. लिफ्ट बरोबर पण रुंदी जुन्यापेक्षा अर्धा-एक मिलिमीटर कमी असेल तर शाफ्ट रिग्राइंड केलेला (पुन्हा घासून आकार दिलेला) आहे. त्याबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहिलंय.

पेट्रोल पंप चालवणारा एक्सेंट्रिक पाहायला विसरू नका. अ‍ॅम्बेसेडरचा पंप मेकॅनिकल, कॅमशाफ्टवरच्या या गोल पण केंद्राबाहेरच्या कड्यावर चालणारा. एमजीबीला पंप इलेक्ट्रिक, तेव्हा भाच्याच्या शाफ्टवर तो असेलच असं धरून चालू नका. नसला तर गाडीत इलेक्ट्रिक पंप बसवावा लागेल. एमजीएचा शाफ्ट मिळाला तर मागच्या टोकाला टॅकोमीटरसाठी वेगळा गिअर असू शकतो. तोही आधी पाहून घ्या.

आता मिस्त्रींच्या खुणांकडे येऊ. टीडीसी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, बीडीसी म्हणजे सगळ्यात खाली. अ‍ॅम्बेसेडरच्या जातीच्या सलून शाफ्टचं टायमिंग असं: इनलेट टीडीसीआधी ५ अंशांवर उघडतो आणि बीडीसीनंतर ४५ अंशांवर मिटतो. एक्झॉस्ट बीडीसीआधी ४० वर उघडतो, टीडीसीनंतर १० वर मिटतो. एमजीबीचं: इनलेट १६ आणि ५६, एक्झॉस्ट ५१ आणि २१. आता हिशोब करा. सलूनचा इनलेट उघडा राहतो ५ + १८० + ४५ = २३० अंश. त्याचा निम्मा ११५, त्यातून ५ वजा, म्हणजे लोबचं नाक टीडीसीनंतर ११० अंशांवर. एमजीबीचा १६ + १८० + ५६ = २५२. निम्मा १२६, वजा १६, पुन्हा ११०! एक्झॉस्टचंही तेच. दोन्हींत नाक टीडीसीआधी १०५ अंशांवर येतं. म्हणून चेनच्या खुणा दोन्ही शाफ्टना सारख्याच सुंदर जुळतात. एवढंच काय, डिग्री डिस्क (क्रँकवर लावायची अंशांची चकती) लावून फक्त नाकाची जागा तपासली तरी फरक कळत नाही. फरक आहे तो व्हॉल्व्ह किती उघडतो आणि किती वेळ उघडा राहतो यात. तो लोबच्या मापातच दिसतो.

मग एमजीबीचा बसवावा का? जर्नल तेच, त्यामुळे बसेल आणि गाडी चालेलही. पण एमजीबीला ३०९ सीसी जास्त, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि वेगळं कॉम्प्रेशन. एका कार्ब्युरेटरच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये हा शाफ्ट खालच्या आरपीएमची ओढ कमी करतो, आयडलिंग थोडं डुगडुगतं करतो, आणि ज्या वरच्या आरपीएमला त्याचा फायदा दिसतो तिथे ही गाडी क्वचितच जाते. घाट चढणाऱ्या, चार माणसं आणि सामान वाहणाऱ्या गाडीसाठी आमचं मत स्पष्ट आहे. मूळ सलूनचं प्रोफाइलच शोधा. भाच्याला सांगायचंच असेल तर '१४८९ ऑस्टिन केंब्रिज किंवा मोरिस ऑक्सफर्ड सलूनचा, मेकॅनिकल पंपाचा' असं सांगा, आणि वर दिलेली मापं त्याला पाठवा.

बसवताना दोन गोष्टी. शाफ्ट ब्लॉकमध्ये घालण्याआधी टेबलावरच लोकेटिंग प्लेट आणि गिअर लावून नट आवळा आणि प्लेटच्या फटीत फिलर गेज घाला. ०.००३ ते ०.००७ इंच एंड-फ्लोट (पुढेमागे सरकायला मोकळीक) हवा. जास्त असेल तर प्लेट बदला. आणि चेन चढवताना क्रँकची चावी बरोबर वर, कॅमची चावी पुढून पाहताना साधारण एक वाजण्याच्या जागी, दोन्ही गिअरचे ठिपके समोरासमोर. कॅमच्या नटचा टॉर्क ६५ फूट-पाउंड. लॉक वॉशर नवा टाका. तो दोन-पाच रुपयांचा तुकडा जुनाच वाकवून पुन्हा वापरण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : आमच्याकडचा कॅमशाफ्ट लेथवाल्याने 'बिल्डअप करून ग्राइंड' करून दिला. आता टॅपेटची गॅप लावताना रॉकरचा स्क्रू संपत आला आहे. हे चालेल का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : स्क्रू संपत आला यातच उत्तर आहे. ग्राइंडिंगने नाकाची झीज काढायची तर टाचही तेवढीच खाली घ्यावी लागते. नाहीतर लिफ्ट कमी होते. टाचेचा व्यास १ मिलिमीटरने कमी झाला तर टॅपेट अर्धा मिलिमीटर खाली बसतो. बी-सिरीजच्या रॉकरचं प्रमाण (टॅपेटच्या किती पट व्हॉल्व्ह हलतो ते) साधारण १.४२ आहे, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाला सुमारे ०.७ मिलिमीटरची जादा गॅप. ती भरून काढायला स्क्रू खाली जातो. स्क्रूचे दोन-तीन आटे लॉकनटच्या वर दिसत असतील तोवर चालवता येईल. स्क्रू नटात बुडाला असेल तर जास्त लांबीचे पुश रॉड लागतील. रॉकर पोस्टखालचे शिम काढून तात्पुरतं भागवणारे आहेत, पण त्याने रॉकरचा कोन बदलतो आणि व्हॉल्व्ह गाइड एका बाजूने घासतो.

खरी काळजी मात्र कडकपणाची. शाफ्ट चिल्ड कास्ट आयर्नचा असेल तर कडक थर वरचाच असतो. खोल ग्राइंड केला की मऊ धातू उघडा पडतो. वेल्डिंगने भरलेल्या लोबवर उष्णतेने शाफ्ट वाकतो तो वेगळाच. म्हणून घरी आणल्यावर व्ही-ब्लॉकवर पुढचे-मागचे जर्नल टेकवून मधल्यावर डायल गेज लावा. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर शाफ्ट परत करा. आणि कानसीची साधी चाचणी: लोबच्या बाजूच्या कडेवर (कधीच नाकावर नाही) बारीक कानस हलकेच ओढा. कानस सरकली तर ठीक. चावली तर तो लोब टिकणार नाही.

प्रश्न : नवा कॅमशाफ्ट, नवी चेन, सगळं टाकलं. आठशे किलोमीटरमध्ये एक इनलेट लोब पूर्ण गेला. टॅपेट जुनेच होते, पण वरून छान दिसत होते. दोष शाफ्टचा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : 'वरून छान' टॅपेटचा तळ बोटाने नाही, काचेवर तपासतात. चांगल्या टॅपेटचा तळ सपाट वाटला तरी किंचित फुगीर असतो. काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटाने टोचलं तर तो डगडगतो. जुन्या टॅपेटचा तळ जुन्या लोबशी घासून आत दबलेला असतो. तो नव्या लोबवर ठेवला की सगळा भार एका कडेवर येतो आणि काम पहिल्या तासातच बिघडतं. जुना टॅपेट जुन्या शाफ्टवर, ज्या भोकातून काढला त्याच भोकात परत जाऊ शकतो. नव्या शाफ्टवर आठही टॅपेट नवे. यात काटकसर नाही.

टॅपेट स्वतःभोवती फिरतो का, हे इंजिन जोडण्याआधी पाहा. साइड कव्हर उघडं ठेवून प्रत्येक टॅपेटच्या कडेवर मार्करचा ठिपका करा आणि पुश रॉड बसवून क्रँक हाताने फिरवा. दोन-चार फेऱ्यांत ठिपका सरकला पाहिजे. जो सरकत नाही त्याचं भोक स्वच्छ करा. कधी काजळीचा थर असतो, कधी टॅपेटच थोडा मोठा असतो.

पहिली सुरुवात हा दुसरा मुद्दा. लोब आणि टॅपेटचा तळ यांच्यावर मॉलिब्डेनमवालं असेंब्ली पेस्ट चोळा. साधं इंजिन ऑइल रात्रभरात ओघळून जातं. रेडिएटर भरलेला, कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये पेट्रोल, इग्निशन आधीच लावलेलं, म्हणजे इंजिन पहिल्या दोन-तीन सेल्फमध्ये लागलंच पाहिजे. लागल्यावर आयडलिंगला सोडायचं नाही. थेट २००० ते २५०० आरपीएम, वीस मिनिटं. आयडलिंगला लोबवर क्रँकच्या फटक्याने उडणारं तेल पुरेसं पोचत नाही आणि स्प्रिंगचा दाब मात्र पुरेपूर असतो. सेल्फ मारत मारत दहा मिनिटं गेली असतील तर तिथेच लोब घासायला लागलेला असतो.

ऑइल बदलताना डब्यावरची ग्रेड पाहा. आजच्या ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ पेट्रोल ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी फॉस्फरस ०.०८ टक्क्यापुरता मर्यादित असतो, आणि झीज रोखणारं झिंकचं संयुग त्याच्याबरोबर कमी होतं. सपाट टॅपेटच्या इंजिनाला ते कमी पडतं. २०डब्ल्यू-५० मिनरल घ्या. त्यावर ही मर्यादा लागू नाही. आणि हो, एमजीबीच्या किंवा कुठल्याही 'स्पोर्ट' स्प्रिंगा सलूनच्या शाफ्टवर टाकल्या असतील तर त्या काढा.

प्रश्न : डिग्री डिस्कने टायमिंग तपासायचं आहे. पुस्तकातले ५-४५ अंश येतच नाहीत, दर वेळी जास्त येतात. डिस्क इंटरनेटवरून छापून पुठ्ठ्यावर चिकटवली आहे.
— एक वाचक, पणजी

उत्तर : पुठ्ठ्याची डिस्क चालते, वर्तुळ मात्र मध्यावर हवं. चूक बहुतेक दोन ठिकाणी असते. पहिली, टीडीसी. पिस्टनवर डायल ठेवून 'सगळ्यात वर' शोधणं फसवं आहे. तुमच्या ८८.९ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात टीडीसीपासून २ अंश फिरवलं तरी पिस्टन जेमतेम ०.०३ मिलिमीटर उतरतो. त्याऐवजी जुन्या स्पार्क प्लगची चिनीमाती काढून त्यात बोल्ट घट्ट बसवा. हा झाला पिस्टन-स्टॉप. एका दिशेने हळूच फिरवून पिस्टन टेकवा, डिस्क वाचा. उलट फिरवून पुन्हा टेकवा आणि वाचा. समजा एकीकडे शून्यापासून ३८ आलं आणि दुसरीकडे ४४. मग डिस्क ३ अंश सरकवा, दोन्हीकडे ४१ आलं की शून्य म्हणजे टीडीसी. स्टॉप काढायला विसरू नका. सेल्फने तर अजिबात फिरवू नका.

दुसरी चूक गॅपची. पुस्तकातले अंश गाडी चालवण्याच्या ०.०१५ इंच गॅपवर दिलेले नसतात. ते फक्त टायमिंग तपासण्यासाठी ठेवलेल्या मोठ्या गॅपवर असतात. एमजीबीसाठी ती ०.०५५ इंच आहे. छोट्या गॅपवर लोबचा सौम्य चढही मोजला जातो, म्हणून तुमचे अंश जास्त येतात. शाफ्टमध्ये काही दोष नाही. नाकाची जागा काढा, ती गॅपवर अवलंबून नसते: पहिल्या सिलिंडरच्या इनलेट पुश रॉडवर (पुढून दुसरा) डायल ठेवा, कमाल लिफ्ट शोधा, मग तिच्याखाली ०.५ मिलिमीटरला चढताना आणि उतरताना अंश वाचा. ८४ आणि १३६ आले तर मधला ११०. क्रँक नेहमी चालीच्या दिशेनेच फिरवा. उलट फिरवला तर चेनचा सैलपणा वाचनात शिरतो. ११० ऐवजी ११५ च्या पुढे येत असेल तर चेन ताणलेली किंवा गिअर एक दाता चुकलेला. दाता चुकला तर फरक पाच अंशांचा नसतो, खूप मोठा असतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी चटकन वेगळ्या ओळखता येतात.

मग ०.०१५ इंच गॅप लावा. सोपी पद्धत बेरीज नऊची. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला लावा, तिसरा उघडा असताना सहावा, पाचवा उघडा असताना चौथा.

प्रश्न : पद्मिनीसाठी इटलीहून 'फियाट ११०० डी'चा कॅमशाफ्ट मागवू का?
— एक वाचक, दादर

उत्तर : फक्त नावावर नको. इटलीतली ११०० डी १२२१ सीसीची होती, बोअर ७२ मिलिमीटर. कुर्ल्यात बनलेली पद्मिनी १०८९ सीसीची, ६८ बाय ७५. इटलीत १०८९ सीसीचं इंजिन पुढे ११०० आर मध्ये पुन्हा आलं. विक्रेत्याकडून जर्नलची आणि सगळ्या लोबची मापं मागवा, तुमच्या शाफ्टशी ताडून पाहा, मगच पैसे पाठवा. मापं द्यायला तयार नसेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या दुकानांत तुमचा शाफ्ट हातात घेऊन फिरणं बरं.

प्रश्न : जुन्या जीपचं एल-हेड (सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं) इंजिन आहे. बदली शाफ्ट सगळ्या मापांत तंतोतंत बसला, खुणा जुळवल्या, तरी इंजिन एकदाही पेटलं नाही. कार्ब्युरेटरमधून फटाके येतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : टायमिंग कव्हर पुन्हा उघडा आणि आत चेन आहे की गिअर, ते पाहा. विलीजच्या या २१९९ सीसीच्या इंजिनात सुरुवातीला टायमिंग चेन होती, नंतर गिअर आले. चेनने कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरने उलट. म्हणून दोन्हींचे लोब आरशातल्यासारखे उलट ग्राइंड केलेले असतात. जर्नल आणि लांबीवरून फरक कळत नाही. चुकीचा शाफ्ट पडला तर इनलेट आणि एक्झॉस्टचा क्रमच उलटतो, आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२ ऐवजी १-२-४-३ होते. फटाके येणारच.

ओळखायचं असं. शाफ्ट बाहेर घेऊन पुढून पाहा आणि पहिल्या सिलिंडरच्या दोन लोबकडे लक्ष द्या. त्यांच्या नाकांत सुमारे १०९ अंशांचं अंतर असतं. एक्झॉस्टच्या नाकापासून इनलेटचं नाक घड्याळाच्या उलट दिशेने येत असेल तर शाफ्ट चेनचा. घड्याळाच्या दिशेने येत असेल तर गिअरचा. पहिला लोब एक्झॉस्टचा, दुसरा इनलेटचा.

शाफ्ट बदललात तर ऑइल पंपाकडेही पाहा. तो कॅमशाफ्टवरच्या तिरक्या दात्यांवर चालतो आणि डिस्ट्रिब्यूटर त्याच्याच दांडीवर. चेनच्या आणि गिअरच्या इंजिनाचे पंप वेगळे आहेत, दात्यांची तिरकी दिशा जुळली तरच घ्या. आणि तुमच्या ओळखीच्या कुणाकडे इनलेट व्हॉल्व्ह डोक्यावर असलेलं एफ-हेड इंजिन पडून असेल तर त्यातला शाफ्ट उसना आणू नका. त्या इंजिनाला इनलेट पुश रॉड आणि रॉकरवर चालतो.